पाच नंबरचा तुकडा

बुऱ्हाणपुरात, लालबागच्या आमच्या घरात एका रविवारी दुपारी हार्ड डिस्कची मोजणी झाली. मोजणी हा शब्द आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त पटवारी. दादा, माझा थोरला भाऊ, शनवारा भागात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. बुऱ्हाणपूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, आणि आमच्या घरच्या मशीनमध्ये व्हायरसचा सुळसुळाट झाला होता. म्हणून दादाने लिनक्स टाकायचं ठरवलं आणि जेवताना सहज बोलून गेला, की आधी डिस्कचे हिस्से नीट पाडावे लागतील. झालं! आप्पांनी कच्च्या केळीची भाजी बाजूला सारली.

“हिस्से पाडायचेत? अन् मले विचारलं नाही?”

“आप्पा, ही शेती नाही,” दादा म्हणाला.

“जागा आहे ना? मंग मोजणी लागेल.”

माझा जीव त्या डिस्कवर अडकला होता, कारण तिच्यात माझं नाटक होतं. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी असलेल्या गावात तीन अंकी मराठी नाटक लिहिणारा मी एकटाच वेडा असेन. तोवर गणपतीतल्या एकांकिका केल्या होत्या, पण हे नाटक खरोखर चांगलं जमलं होतं. जळगावच्या एका नाटकमंडळीने वाचायला बोलावलं होतं, तेही पुढच्याच रविवारी. नाटकात एक पटवारी होता. त्याची जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, समोरचा माणूस पाहून लांब किंवा आखूड व्हायची. पहिल्या अंकाच्या शेवटी तो छाती काढून म्हणायचा, “जमीन कुणाची ते देवाला माहीत, जरीब मात्र माझी!” हे वाक्य मी कुणालाही ऐकवलं नव्हतं. जळगावच्या वाचनासाठी राखून ठेवलं होतं. हा पटवारी आप्पांवर बेतला होता का? छे! आप्पा तपकीर ओढायचे, माझा पटवारी पान खायचा. एवढा फरक मी मुद्दाम ठेवला होता.

“आधी मी नाटकाची एक कॉपी काढून आणतो,” मी म्हणालो. घरचा प्रिंटर बंद होता, फ्लॉपीचा खण धुळीने बसला होता, पण दादाच्या क्लासवर सगळं होतं.

“नक्कल कशाला?” आप्पा म्हणाले. “रेकॉर्डात आहे ते कुठे जातं?”

“तुझ्या तुकड्याला कोणी हातच लावत नाही, यार,” दादा म्हणाला.

दुकानदाराने डिस्क देतानाच चार तुकडे पाडून दिले होते. एक विंडोजचा आणि बाकीचे तीन अगदी सारखे. लिनक्सच्या भाषेत त्या तिघांचे नंबर पाच, सहा आणि सात. पाचात दादाचे गेम, सहात माझं नाटक, सातात लग्नाचे फोटो. आप्पांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल-निळ्या पेन्सिलीने नजरी नक्शा काढला. पाच नंबर मोडायचा आणि त्याच जागेत दोन तुकडे करायचे, मोठा लिनक्सचा, लहान स्वॅपचा.

“स्वॅप म्हणजे काय?”

“मेमरी कमी पडली की मशीन तिथे पसारा ठेवतं, आप्पा.”

“म्हणजे खळं! मंग द्या थोडी जागा. खळ्याशिवाय शेत कसं?”

फाइलसिस्टिम कोणती, यावर दादाने दोन नावं सांगितली. एक्स्ट-टू जुनी. एक्स्ट-थ्री आधी काय करणार त्याची नोंद करते, मग काम करते, म्हणून लाइट गेली तरी सावरते.

“आधी नोंद, मग काम? तीच घ्या,” आप्पा म्हणाले. मोठ्या तुकड्यावर त्यांनी झोकात लिहिलं, नंबर पाच.

दादाने जुना पाच मोडला, त्याच्या जागेत नवे दोन तुकडे केले. मग मशीनने विचारलं, कोणता तुकडा साफ करून लिनक्सला देऊ? मी स्क्रीनकडे पाहिलं. पाच नंबर होता तसाच यादीत होता, अख्खाच्या अख्खा.

“दादा, थांब. पाच तर आपण आत्ता मोडला ना? नवा तुकडा खळ्याएवढा कमी दिसायला पाहिजे. हा पुरा आहे.”

दादाचा हात थबकला. त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पा खुर्चीवरून उठले. अशा वेळी ते बसून बोलत नसत.

“मी नोकरीला लागलो तेव्हा हे राज्य जोडलं जात होतं. कुठले कागद नागपूरचे, कुठले संस्थानातले. सरकार बदललं, तहसील बदलली, साहेब बदलले. शेताचा खसरा नंबर नाही बदलला! पाच फोडला तर पाच-एक होतो, पाच-दोन होतो. सहाचा पाच होत नाही. तू चूप बैठ, नाटकवाल्या. दाब रे तू.”

दादाने दाबलं.

लिनक्स छान बसलं. मग दादाने सहा नंबर उघडला, तर आत लग्नाचे फोटो. माझी वहिनी शालूत उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्या डिस्कवर नंबर रेशनच्या रांगेसारखे होते. पुढचा गेला की मागचे सरकतात आणि नवे येतात ते शेवटी उभे राहतात. पाच मोडताक्षणी माझा सहा पाच झाला होता, आणि नवे तुकडे जाऊन शेपटाला लागले होते. साफ झालं ते माझं नाटक. वर लिनक्स पसरलं होतं. दादाने आठवडाभर काय काय करून पाहिलं, पण खाली काही उरलं नव्हतं.

आप्पांनी नक्शा घडी करून ठेवला. “आमच्या खात्यात असं होत नाही,” म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “परत लिही. डोक्यात असेल ना.”

जळगावला दुसऱ्याच कुणाचं तरी नाटक वाचलं गेलं. मी परत लिहायला बसलो. दुसरा अंक तक्रारअर्जासारखा उतरला, तेव्हा सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात फोपनारहून आप्पांचे एक जुने सोबती आले. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा आप्पा उभे होते. जरीब धरल्यासारखा हात वर, छाती पुढे.

“जमीन कुणाची ते देवाला माहीत,” आणि ते थांबले. नेमकं तिथेच, जिथे मी थांबायला लिहिलं होतं. “जरीब मात्र माझी!”

पाहुणे खदखदून हसले. मी कपबशा खाली ठेवल्या.

“आप्पा, हे कुठलं?”

“आमच्या कचेरीतलं. जुनं आहे.”

दादा चपला शोधायला लागला. त्याला मी फाटकाशी गाठलं.

“त्यांनीच उघडून मागितलं होतं,” तो म्हणाला. “मोजणीच्या आधी. सगळं वाचलं. हसत होते रे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“ते म्हणाले, त्याला बोलू नको. चढेल.”

आप्पांनी नाटक मुद्दाम पुसलं असं मी म्हणत नाही. तेवढी अक्कल त्या यंत्रातली त्यांना नव्हती. पण सहा नंबरात काय होतं ते त्यांना माहीत होतं, आवडलंही होतं. तरी नाटक गेल्यावर त्यांनी मला ‘परत लिही’ एवढंच सांगितलं, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य स्वतःच्या नावावर चढवून घेतलं.

आप्पांच्या तेराव्याला मांडवात जो तो मला ते वाक्य ऐकवत होता. काय माणूस होता, काय बोलायचा! मीही प्रत्येकाला म्हणालो, हो, आप्पांचंच. दाद मात्र अशी मिळत होती, की जळगावला मिळाली नसती.