ओरखड्याची चकती

बेकरीवाले पावमास्तर प्रॉटेस्टंट, बायको कॅथलिक. तिच्या चर्चमध्ये प्रॉटेस्टंटांना प्रसाद देत नाहीत, म्हणून चाळीस वर्षं तिथे मास्तर मागच्या बाकावर बसून राहायचे आणि ती पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेऊन यायची. आता गंमत अशी, की त्या प्रसादाच्या चकत्या भाजायचे खुद्द मास्तरच! पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. त्यांच्या लोखंडी साच्यावर क्रुसाशेजारी एक ओरखडा होता, तो दर चकतीवर उमटायचा.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा बायकोने एकच मागणं मागितलं. एकदा तरी वेदीपुढे माझ्या शेजारी उभे राहा. हात छातीवर घ्या, फादर नुसता आशीर्वाद देतील. मास्तर फणकारले. पंगतीत बसवून नुसता वास द्यायचा, हा कुठला न्याय? आमच्याकडे पाळकसाहेब सगळ्यांना बोलावतात. हे फादर म्हणजे प्रभूच्या दारावर स्वतःच नेमलेले पहारेकरी!

गेले मात्र. पण छातीवर हात घ्यायच्या ऐवजी प्रसादासाठी तळवा पुढे केला. ताटलीत आपला ओरखडा दिसला आणि राहवलं नाही.

"फादर, ही मीच भाजलीय."

"छान भाजलीय," फादर म्हणाले, डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्याकडे वळले.

अख्खं चर्च बघत होतं. बायको खाली मान घालून परतली. मास्तर घरी येईपर्यंत फादरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

पुढच्या रविवारी तिला त्यांनी आपल्या चर्चमध्ये नेलं. आता बघ म्हणे, मोठं मन कसं असतं. पाळकसाहेबांनी हसतमुखाने सगळ्यांना प्रभुभोजनाला, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रसादाला, बोलावलं. बायको जागची हलली नाही. मास्तर कुजबुजले, अगं, इथे कुणी अडवत नाही.

"मला कुणी अडवलेलं नाही," ती म्हणाली. "अहो, तुम्ही ती चकती भाजता. मी ती प्रभूचं शरीर मानते. त्या दिवशी तुम्ही फादरचा नाही, माझा अपमान केलात."

फादरसाठी इतका तिरस्कार साठवलेला, तो आता ठेवायचा कुठे? मास्तर आठवडाभर भट्टीपुढे चकत्या भाजत राहिले.

मग रविवार आला. मास्तर वेदीपुढे गेले, हात छातीवर, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. फादरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण उभे राहिले ते तिला खेटून.