मैदानावरची पोटदुखी

मोर्शीच्या एका शाळेत मी खेळाचा मास्तर. कबड्डीच्या सरावाला रोज एखादी पोरगी खाली बघत म्हणायची, "सर, पोट दुखून राह्यलं." मी म्हणायचो, जा घरी. पण मला राहून राहून प्रश्न पडायचा, मुलांची पोटं अशी का दुखत नाहीत? शेवटी मीच शोध लावला: शाळेची खिचडी! ती करणाऱ्या बाईंना तिखट कमी टाकायला सांगितलं. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मिळमिळीत खिचडीवर मुलं चिडली, आणि मुलींची पोटं दुखायची ती दुखतच राहिली.

यंदा अकोल्याची एक बॉक्सर शाळेत आली. परदेशातून पदक जिंकून आलेली, म्हणून आम्ही शाल-नारळ तयार ठेवला होता. तिने तो टेबलावर ठेवून दिला, मुलींना मैदानात रांगेत उभं केलं आणि माझ्यादेखत विचारलं, "आज पाळी कोनाले आहे?"

मी उगाच शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवू लागलो. कोणी हलेना. तेव्हा तिने स्वतःचाच हात वर केला. "मले आहे. तरी मी आज खेळनार. जिले जास्त दुखते तिनं खुशाल बसावं, पन खोटं सांगून घरी नका जाऊ."

हळूहळू चार हात वर आले. तिसरा आठवीतल्या माझ्या स्वतःच्या पोरीचा होता. तिला मी दर महिन्याला ओवा चावायला देत होतो.