हवालदारांचा ड्रम आणि माझे दगड

हवालदारांना साठ वर्षं पुरी होताहेत, पुस्तक निघणार आहे, त्यात तुम्हीही चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला घामच फुटला. मी तिसरी शिकलेली बाई. पण आनंद एवढा झाला, की नातीच्या वहीतली पानं मागून घेतली आणि बसले लिहायला. श्री. हिंदुराव खराडे असं त्यांचं नाव, पण सगळा आष्टा भाग त्यांना हवालदारच म्हणतो. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे. तिथून सुटून आल्यावर त्यांनी सांगलीला विश्रामबागेच्या अंगाला पत्र्याचं शेड टाकलं आणि गोबर गॅसचे ड्रम करायला घेतले.

पहिल्यांदा ते आमच्या मळ्यात आले ते सायकलवर. मी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसले होते, डोळ्यांतून धारा. ते दारातच थबकले.

“आक्का, कुणी गेलं का घरातलं?”

“कुणी न्हाई गेलं. बाभळ वली हाय.”

त्यांनी बांधाकडं बघितलं. तिथं नुसती खोडं उरली होती. म्हणाले, “बांधावरची झाडं तुमच्या डोळ्यांत गेली बघा.”

मग ओसरीवर बसून त्यांनी समजावलं. विहिरीसारखा खड्डा बांधायचा, त्यात शेण कालवून सोडायचं, वर लोखंडी ड्रम पालथा तरंगत ठेवायचा. शेण कुजलं की गॅस धरतो आणि नळीनं शेगडीत येतो. उरलेला काला उसाला खत म्हणून. दुसरे लोक करायचे ते मोठ्या गोठ्यासाठी. हवालदारांनी डोकं चालवून तीन जनावरांत भागेल असा लहान ड्रम काढला होता. माझा लेक वसंता लगेच तयार झाला. मी नाही झाले. शेणाच्या गॅसवरचा नैवेद्य देवाला कसा दाखवायचा? हवालदार हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “शेणानं सारवल्याबिगर देवापुढं रांगोळी काढता का आक्का?” मी हो म्हटलं. माझी सासू असती तर भांडली असती, ती कुणाला ऐकायची नाही. असो.

ड्रम बसला आणि माझी झोप गेली. खरं सांगते, मला त्याची भीती वाटायची. सकाळी उठून बघावं तर तो कालच्यापेक्षा हातभर वर आलेला. आत काहीतरी फुगतंय, श्वास घेतंय असं वाटायचं. सून शेगडीला काडी लावायची तेव्हा मी धाकट्या नातीला काखोटीला मारून पार चिंचेखाली जाऊन उभी राहायची. एकदा हवालदारांना विचारलंच, “आवं, ह्यो उडायचा तर न्हाई न्हवं?”

“आक्का, त्यो बैल हाय. ही शेगडीची चावी म्हंजी त्याची येसण. ती तुमच्या हातात हाय.”

बैल म्हटल्यावर तर मी जास्तच भ्याले. आमच्या एका बैलानं माझ्या दिराची बरगडी मोडली होती.

त्याच सुमाराला लोणंदकडचे शेतकरी ड्रम बघायला येणार असं ठरलं. आमचा ड्रम हवालदारांनी विकलेला पहिला, आणि त्यानंतर दुसरा कुणी घेतला नव्हता. लोणंदकर म्हणाले होते, जळताना दाखवा, मग बोलू. वसंतानं मला बजावलं, “आई, ही माणसं तशीच परत गेली तर हवालदारांना शेड बंद करावं लागंल.” मला वेगळीच धास्ती. एवढ्या लोकांपुढं ड्रम उडाला तर?

म्हणून त्या सकाळी मी आणि सुनेनं पाटा, जात्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही तळ्या आणि विहिरीच्या पडक्या काठाचे उचलतील तेवढे दगड नेऊन ड्रमवर ठेवले. ड्रम खाली बसला. मला हायसं वाटलं. कुणाला बोलले नाही.

लोणंदकर आले, चहा झाला, सगळे स्वयंपाकघराच्या दारात दाटीनं उभे राहिले. सुनेनं काडी लावली आणि शेगडी फुत्कारली. जाळ तव्याच्या चारी बाजूंनी वर आला, भाकरी डोळ्यांदेखत काळी झाली. सून किंचाळून मागं सरली. “गड्यांनो, हितनं हाला,” म्हणत लोणंदकर पटके सावरत अंगणात पळाले. मी नातीला धरून भिंतीला चिकटले. 

हवालदारांनी आत येऊन चावी बंद केली. ड्रमपाशी गेले, दगड बघितले, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलंच असणार. आता सगळ्यांसमोर माझा उद्धार होणार, असं मी धरून चालले. ते लोणंदकरांना म्हणाले, “चूक माझी हाय. दाबलं की गॅस जोरात येतो, हे मी आक्कांना सांगितलंच न्हवतं. आता बघा.” त्यांनी पुन्हा काडी लावायला सांगितलं. सुनेनं नाही म्हणून मान हलवली. मग मला म्हणाले, “आक्का, तुमी लावा.”

पहिल्या दोन काड्या शेगडीपर्यंत जायच्या आतच विझल्या. तिसरी लागली. जाळ उसळला, तसा हवालदारांनी बाहेर ड्रमवरचा एक दगड उतरवला. मग दुसरा. मग पाटा. एकेक दगड उतरत गेला तसा जाळ बसत गेला आणि शेवटी समईच्या वातीसारखा निळा उभा राहिला. एक म्हातारा लोणंदकर म्हणाला, “म्हंजी बाईनं दगड ठेवला तर ऐकतोय, काढला तरी ऐकतोय. मग भ्यायचं कशाला रं?” त्यांनी तिथंच चार ड्रम सांगितले.

तेव्हापासून हवालदारांची रीत ठरली. ड्रम बसवला की घरातल्या बाईच्या हातानं दगड ठेववायचा, तिच्याच हातानं काढवायचा, मगच नळी जोडायची. महिन्यानं परत जाऊन त्या शेगडीवरची भाकरी खाल्ल्याशिवाय ते ड्रम विकला असं म्हणत नाहीत. लोणंदला त्यांनी मलाही नेलं. तिथल्या बायांना म्हणाले, “ह्या आक्का तुमच्यापेक्षा जास्त भ्याल्यात, त्यांना इचारा.” आणि बायांनी मलाच विचारलं.

खोटं कशाला बोलू, काडी लावताना मी अजून हात लांब करून तोंड फिरवते. पण आता नात माझ्या शेजारी बसते, चिंचेखाली नाही. आणि बांधावरच्या खोडांना हातहातभर फुटवे आलेत.

हवालदार, देव तुम्हाला धडधाकट ठेवो, सायकल चालवायला गुडघे साथ देवोत. तुमच्या शंभरीचा नैवेद्य याच शेगडीवर होऊ दे. मी नसले तर नात काडी लावेल. तिला दगड कधी ठेवायचा आणि कधी काढायचा, ते मी शिकवून ठेवलंय.