मनगटाचा पट्टा

"ओढा," म्हणून सिस्टर दुकानदारापुढे हात करायच्या. हातात नवा हातमोजा, मनगटाचा पट्टा आवळलेला. भर बाजारात बाईमाणसाचा हात ओढायचा कसा, म्हणून दुकानदार लाजून चूर. "लाजता काय? निघून आला तर घेणार न्हाय." तो भीतभीत बोटांची टोकं ओढायचा, मोजा सुळकन निघायचा आणि सिस्टर पुढच्या दुकानाकडे वळायच्या.

बावड्याच्या दवाखान्यात त्या नर्स, मी कंपाउंडर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोपेडवरून वाड्यावस्त्या फिरून त्या बाळंतपणं करायच्या. गाडीवरून पडून आलेल्यांच्या तळहातातले खडे चिमट्याने त्याच काढायच्या, त्यामुळे त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. "पडताना माणूस आधी हात टेकतो." हात गेला की आपलं काम गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुण्यातले चांगले हातमोजे त्यांच्या पगारात बसत नव्हते. लोकरीचे स्वस्त, पण डांबरावर क्षणभर टिकले नसते. रेक्झिनची शिवण मूठ वळताच उसवायची. वेल्डिंगवाले घालतात ते दणकट, पण त्यात ब्रेकच दाबता येईना. "भाऊ, ह्यानं हात वाचतील, पर मी मरंन," त्या हसून म्हणाल्या.

शेवटी बारामतीत सापडले. मऊ चामडं, तळव्याला दुहेरी थर. बोटं जरा लांब होती, पण पट्टा आवळल्यावर दुकानदाराने पाय रोवून ओढलं तरी मोजा हलेना. परतीच्या एसटीत सिस्टर ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात त्या उघड्या हातांनी आल्या. "आमच्या ह्यांनी घेतले. त्यांची गाडी मोठी, वेग जास्त." नवऱ्याची अशी बाजू घेणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. आणि हे 'हे' भर दुपारी इंदापूरच्या स्टँडवर चहा पीत बसायचे, हातमोजे घालून! मी चिडलो, "मागून घ्या की."

"जाऊ द्या भाऊ. दिवाळीला दुसरे बघू."

दिवाळीच्या आधीच एका बाळंतिणीकडे जाताना वळणावरच्या खडीवर मोपेड घसरली. त्यांनी आधी हात टेकले. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळलीच नाहीत. बाळंतपणं सुटली. पुढे त्यांना तालुक्याला गोळ्या वाटायला बसवलं, आमच्याकडे त्या परत आल्या नाहीत.

दवाखान्यातून त्यांना घरी न्यायला नवरा आला, तो दिवस मात्र डोळ्यांपुढून जात नाही. बँडेजकडे बघून हात नाचवत तो म्हणाला, "हात कशाला टेकायचा गं? अक्कल हाय का न्हाय?" नाचवलेल्या मोज्यांचे तळवे कोरे करकरीत होते. त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून आजही चांगला शब्द निघत नाही.

त्याच्या मनगटाचा पट्टा मोकळाच लोंबत होता. सिस्टरनी तो डाव्या हाताने, जमेल तसा, आवळला.

"निघतोय का, ओढून बघा," त्या त्याला म्हणाल्या आणि त्याच्या गाडीवर मागे बसल्या.