सप्टेंबरात भरलेला कर

डेलमर स्टूकी बाटल्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर होता. वितळलेल्या काचेचा गोळा वरून साच्यात पडतो आणि खाली बाटली होऊन निघतो. साचा कोरडा पडला की काच चिकटते. म्हणून तेलात बुडवलेला बोळा साच्यातून फिरवायचा, तोही यंत्र चालू असताना. हात मागे घ्यायला जरा उशीर झाला की पोळतो. कामचुकार माणूस तेल जास्त लावतो, म्हणजे पुन्हा लवकर हात घालायला नको. मग बाटल्या काळ्या येतात आणि पुढे निवडायला बसलेल्या बायकांच्या कामात भर पडते. डेलमरने तेल कधी जास्त लावलं नाही. त्याचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत डागांनी भरलेले होते.

काचेची भट्टी काही वर्षांनी आतून झिजते. मग ती विझवून विटा बदलतात. तोवर कामगार घरी, आणि सरकारचा बेकारी भत्ता चालू. आमच्यात याला बेकारी कुणी म्हणत नसे. विटांची सुट्टी म्हणत. सुट्टीत नदीवर मासे धरायचे, घराचं छप्पर दुरुस्त करायचं. भत्त्याचे अर्ज युनियनच्या सभागृहात एकत्र बसून भरायचे, वेंडेल क्राऊस सांगेल तसे.

वेंडेल आमच्या युनियनचा प्रमुख. युनियनमध्ये सगळे एकमेकांना भाऊ म्हणत, पण नाव न घेता नुसतं 'भाऊ' म्हटलं की तो वेंडेल. त्याचा सल्ला बाहेर कुणाला विचारून पडताळायचा नाही, असा रिवाज होता. एकाने तसं केलं तर लोक त्याला वर्षभर 'वकीलसाहेब' म्हणत राहिले.

सत्त्याऐंशी सालच्या वसंतात भट्टी विझवली. सभागृहात अर्ज भरताना डेलमरनेच विचारलं, "भाऊ, यातून टॅक्सचं काही बाजूला ठेवायचं का?"

"कशाला?" वेंडेल म्हणाला. "अठ्ठ्याहत्तरच्या विटांना कुणी भरला होता?"

कुणीच भरला नव्हता.

"मग खा निवांत. आणि फारच हौस असेल तर माझा भर."

सगळे हसले. डेलमरही हसला.

कायदा त्याच वर्षापासून बदलला होता. भत्त्याचा प्रत्येक डॉलर आता पगारासारखाच उत्पन्नात धरला जाणार होता, आणि देताना कर कापला जात नव्हता. आम्हाला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी वेंडेललाही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितो.

विटा आल्याच नाहीत. मागवल्या आहेत, असं मालकाचे लोक सांगत राहिले, आणि जुलैत फाटकाला साखळी घातली. डेलमर पन्नाशीला टेकला होता. शाळा आठवीपर्यंत. त्या वयाच्या माणसाला आमच्या खोऱ्यात कुणी नवं काम देत नव्हतं. लोक चिडले, प्यायला लागले, काही टेक्सासला गेले. डेलमरने मात्र घर बायकोच्या पगारावर चालवलं. ओनेटा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. भत्त्याला त्याने हात लावला नाही.

तो पैसा कशासाठी ते ऑक्टोबरात कळलं. डोंगरात प्रेदर नावाचा एक माणूस लाकूडगिरण्यांच्या गोल करवतींना धार लावायचा. तो वारला. त्याच्या विधवेकडून डेलमरने धारेचं यंत्र घेतलं. अर्धी रक्कम तेव्हा, अर्धी वसंतात.

हिवाळाभर तो गॅरेजमध्ये शिकत होता. मी जाऊन बसायचो. करवतीचा दात घासायचा, फुंकर मारायचा, बोट फिरवायचा, पुन्हा घासायचा. पहिली दोन पाती त्याने फुकट परत केली, कारण दात त्याच्या मनासारखे एकसारखे झाले नव्हते. गिरणीवाला म्हणाला, "अरे, चालतंय की." डेलमर म्हणाला, "मला नाही चालत." फेब्रुवारीपर्यंत तीन गिरण्यांची पाती त्याच्याकडे यायला लागली. माणूस पुन्हा नीट जेवायला लागला, असं ओनेटा मला म्हणाली.

कराचे कागद ती दरवर्षी गावातल्या एका बाईकडे नेऊन द्यायची. त्या वर्षी परत आली तेव्हा मी गॅरेजमध्येच होतो. कोट न काढता ती म्हणाली, "आठशे डॉलर द्यायचेत."

"कुणाला?"

"सरकारला. भत्त्यावर टॅक्स आहे."

"भत्ता त्यांनीच दिला ना?"

"त्यांनीच."

"मग देतानाच कापायचा होता."

"मी तेच म्हणाले. ती म्हणाली, कापत नाहीत. आपण ठेवायचे असतात."

डेलमरने यंत्र बंद केलं. घरात साठलेले होते ते साधारण तेवढेच, आणि ते प्रेदरबाईच्या दुसऱ्या हप्त्याचे होते. मी म्हणालो, सरकार हप्त्याने घेतं. तो म्हणाला, "व्याज लावून. शिवाय कमाई पुढच्या महिन्यात किती होईल ते मलाच माहीत नाही. नसलेल्या पैशावर सही कशी करू?"

रविवारी आम्ही दोघं वेंडेलकडे गेलो. भांडायला नाही. सगळ्यांवर आलं आहे, युनियन काही करू शकेल का, एवढंच विचारायचं होतं. वेंडेलवरही हीच पाळी आली असणार म्हणून ओनेटाने सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी दिली होती.

वेंडेलने कॉफी ओतली. डेलमरने सगळं सांगितलं. वेंडेल मान हलवत होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. "सरकारने फसवलं आपल्याला."

"तू कसे भरणार आहेस?"

"माझं झालंय."

"म्हणजे?"

"भरून झालंय, डेलमर."

"कधी?"

वेंडेलने कप खाली ठेवला. त्याची बायको चुलीकडे तोंड करून उभी होती, ती वळली नाही.

"सप्टेंबरात," तो म्हणाला. "मेव्हणा धान्याच्या कोठारात हिशेब लिहितो. तो ऑगस्टमध्ये बोलला की कायदा बदललाय, आताच थोडा थोडा भरून टाक."

"ऑगस्टमध्ये."

"मी सभागृहात सगळ्यांसमोर एक बोललो होतो, डेलमर. फाटकाला नुकती साखळी पडलेली. लोक आधीच माझ्या अंगावर धावून येत होते. तेव्हाच उठून म्हणू, की तेही चुकलं?"

"सभागृहात नको. माझ्या घरापर्यंत चालत आला असतास."

"एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं."

"कळायलाच हवं होतं."

वेंडेल मला म्हणाला, "तू तरी समजाव याला." बोलण्यासारखं सगळं डेलमरचं बोलून झालं होतं.

तो उठला. बरणी टेबलावरच राहिली. परत येताना पुलावर तो एवढंच म्हणाला, "यंत्र मी ऑक्टोबरात घेतलं. त्याने माझं अभिनंदन केलं होतं."

ऑगस्टमध्ये कळलं असतं तर त्याने यंत्र घेतलंच नसतं, किंवा कर बाजूला काढून उशिरा घेतलं असतं. दोन्ही चाललं असतं. कायद्यावर तो नंतर फारसा बोलला नाही. सरकार त्याला ओळखत नव्हतं. वेंडेल ओळखत होता.

कर त्याने मुदतीच्या आत पूर्ण भरला. प्रेदरबाईला जाऊन सांगितलं की दुसरा हप्ता जमणार नाही. तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. तिने हिवाळ्याच्या वापराचे कापून आगाऊ रक्कम परत केली. त्यात अन्याय काही नव्हता.

यंत्र न्यायला तिचा मुलगा शनिवारी येणार होता. लोकांची पाती गॅरेजमध्ये पडलेली होती. मी म्हणालो, तशीच परत कर, कोण काय म्हणणार आहे. डेलमर शुक्रवारी अंधार पडेपर्यंत धार लावत राहिला. कुठलंही पातं त्याने घाईने उरकलं नाही. भिंतीला टेकून एक लहान पातं होतं, ट्रॅक्टरवर सरपण कापायचं. वेंडेलच्या मुलाने जानेवारीत आणून टाकलेलं. डेलमरने तेही घेतलं, प्रत्येक दात बोटाने तपासला, दोनदा मागे जाऊन पुन्हा घासला.

युनियनच्या माणसाकडून तो धारेचे पैसे घेत नसे. त्या पात्याला त्याने चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर गिरणीवाल्यांना लावायचा तो पूर्ण दर लिहिला.

"देईल का?" मी विचारलं.

"देईल," डेलमर म्हणाला. "वेळेवर देतो तो."

मे महिन्यात त्याला नदीपलीकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. पिंजरे उतरवायचं.