जुवाखालचा पहिलवान

सुरतजवळच्या उधन्यात, आमच्या लूमच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर तो रोज चहाला यायचा. चुरगळलेल्या कानांचा, धिप्पाड खानदेशी पहिलवान. टीव्हीवर परदेशी कुस्ती लागली की पाठ फिरवून बसायचा. "कुस्ती नही, नाटक शे," म्हणायचा.

एकदा समोरच कापडाच्या ताग्यांनी भरलेली बैलगाडी खड्ड्यात रुतली. गाडीवान बैलाला पराणी टोचत सुटला. रक्त आलं. पहिलवान उठला. आता हा गाडीवानाला आपटतो, असं मला वाटलं. त्यानं बैल सोडला आणि जुवाखाली स्वतःचा खांदा दिला.

"आते माले टोच," तो म्हणाला. "माले निदान नको म्हनता येस."

गाडीवानानं पराणी खाली टाकली. आम्ही दहाबाराजण इतका वेळ नुसतं बघत उभे होतो.