डोंगरावरची बुरशी

आता कुठून सुरुवात करू? आधी चहा मागवा. स्वतःचाच मूर्खपणा सांगायला जरा धीर लागतो!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. द्वारका चौकाजवळच्या आमच्या वसाहतीत विहार बांधून होत होता. त्यासाठी एका जपानी भंतेजींनी चित्र भेट दिलं. रेशमावर रंगवलेलं, वर-खाली काठी, गुंडाळून ठेवायचं. गर्दीत मला निळे-हिरवे डोंगर तेवढे दिसले. विहाराच्या भिंती ओल्या, म्हणून समितीने चित्र चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे, सांभाळायला दिलं. उद्घाटनाला भंतेजी स्वतः येऊन ते टांगणार होते.

त्या दिवशी दुपारी मी ते उलगडलं, तर काय! डोंगराच्या ऐन मध्यावर पांढरा पट्टा!

"सुमन, बुरशी लागली गं!"

बायको धावत आली. "अगं बाई! पावसाळाभर ट्रंकेत कोंबलंत, दुसरं काय होणार?"

"पाचला भंतेजी येतील. वसाहतीला काय तोंड दाखवू?"

"घाबरता काय असे? रेशीमच आहे ना? माझा शालू नाही रिठ्याच्या पाण्यात नवा होऊन निघत?"

पटलं की मला! रिठे भिजवले, फेस काढला, फडक्याने हळूच पुसलं. पट्टा हलेना. जोर लावला. फडकं हिरवं झालं. म्हटलं, निघतेय बुरशी! आणखी घासलं. मग फडकं निळं झालं, मागचा कागद सुटून फुगला, तेव्हा कुठे माझे हात थांबले. डोंगर बादलीत उतरला होता. पट्टा जागच्या जागी!

आणि दारात कोण? समितीचे अध्यक्ष, मागे भंतेजी. तासभर लवकर!

"क्या हुआ?" भंतेजींनी मोडक्या हिंदीत विचारलं.

माझी बोबडीच वळलेली. छातीवर हात ठेवून एवढंच म्हणालो, "रिठे... रिठे..."

"अच्छा, रिठेजी!" त्यांनी डायरीत लिहूनही घेतलं. मग चित्राकडे पाहिलं. पट्ट्यावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ये कोहरा था."

धुकं हो, धुकं! तिथे रंगच नव्हता, कोरं रेशीम सोडलेलं. मग इतका वेळ मी पुसत काय होतो? मला रडूच फुटलं. विहाराची भिंत त्या दिवशी रिकामी राहिली.

वर्षभराने जपानहून पार्सल आलं. तसंच चित्र, सोबत चिठ्ठी: "रिठेजी, सफेद कोहरा है. धोना नहीं."

पत्त्यावरही तेच, श्री. रिठे. आता मी साळवे! अख्ख्या वसाहतीत रिठे आडनावाचं कुणी नाही. तरी पोस्टमनने एकालाही न विचारता पार्सल थेट माझ्या दारात आणून दिलं!